खंडित काचेचा जीर्णोद्धार

ग्वाल्हेरच्या किल्ल्याचा पूर्वेकडील चढ चढून हत्तीपोळापाशी येणाऱ्याच्या डोळ्यांत प्रथम भरते ती मानमंदिराची उंच दगडी भिंत, आणि त्या भिंतीवरची निळाई. राजा मानसिंह तोमर याने आपल्या कारकीर्दीत, म्हणजे १४८६ ते १५१६ या तीस वर्षांत, हा महाल उभारला. दगडाच्या अंगावर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या झिलईच्या लाद्या बसवून तेथे बदकांच्या रांगा, हत्ती, मकर आणि केळीची झाडे चितारलेली आहेत. १५२८ साली बाबर येथे आला, तेव्हा ही हिरवी केळीची झाडे त्याच्या नजरेतून सुटली नाहीत. आपल्या आत्मचरित्रात त्याने त्यांची नोंद करून ठेवली आहे. पाचशे वर्षांच्या उन्हापावसात यांतील पुष्कळ लाद्या गळून पडल्या. रांगा मध्येच तुटतात, पट्टे अर्ध्यावर थांबतात. परंतु ज्या लाद्या आपल्या जागी टिकल्या आहेत त्यांचा रंग आजही पाहणाऱ्यास थक्क करतो.

या टिकावाचे कारण समजण्यास अवघड नाही. लादीवरची झिलई म्हणजे वस्तुतः काचेचाच पातळ थर होय. वाळू, क्षार आणि धातूंची भस्मे यांचे मिश्रण मातीच्या लादीवर लावून ती भट्टीत घातली, की ते मिश्रण वितळते आणि निवताना लादीला कायमचे धरून बसते. त्यातला रंग वरून दिलेला नसतो; तो काचेच्या अंगातच मुरलेला असतो. तांब्याने काच हिरवी किंवा आकाशी होते, कोबाल्टने गर्द निळी, मँगनीजने जांभळी, लोखंडाने हिरवट वा पिवळसर. ग्वाल्हेरहून आग्र्याच्या वाटेने पुढे गेले की फिरोजाबाद लागते; तेथल्या बांगड्यांना रंग चढतात तेही अशाच धातूंच्या करणीने. असा रंग उन्हाने विटत नाही आणि पावसाने धुपत नाही. लादी गळते ती बहुधा तिच्या पाठीमागचा चुना सुटल्यामुळे.

आता गळालेल्या लादीच्या जागी काय करावे? भिंतीच्या बाबतीत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर आहे: काही करू नये. लादी गेली तरी दगड उभा असतो, महाल पडत नाही, आणि पाहणाऱ्याची नजर तुटलेली रांग आपोआप पुरी करते. परंतु तीच रंगीत काच खिडकीत बसवलेली असेल तर? भिंतीला जी मुभा आहे ती खिडकीला नाही. खिडकीतला एक तुकडा निखळला की त्या भोकातून पाऊस येतो, वारा येतो, पारवे येतात. आणि भोकाशेजारचे तुकडेही आधार सुटल्यामुळे एकामागून एक निखळू लागतात. तेथे काहीतरी बसवावेच लागते. काय बसवावे, किती बसवावे, आणि बसवलेले नवे आहे हे पाहणाऱ्यास कळावे की कळू नये, या तीन प्रश्नांवर युरोपात दीडशे वर्षे वाद झाला, आणि आता तो आपल्याही दाराशी येऊन ठेपला आहे.

रंगीत काच आपल्या लोकांस अपरिचित नाही. जुन्या वाड्यांच्या दारांवरील अर्धवर्तुळाकार झडपांत तांबड्या, निळ्या, पिवळ्या काचांचे तुकडे पुष्कळांनी पाहिले असतील; दुपारच्या उन्हात त्यांचे रंग ओटीवर उतरलेलेही पाहिले असतील. शिंदे सरकारांना तर काचेची हौस मोठीच होती. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली सर मायकेल फिलोज या वास्तुकाराकडून जयविलास महाल बांधवून घेतला. त्याच्या दरबार हॉलात टांगलेल्या दोन झुंबरांचे वजन प्रत्येकी सुमारे साडेतीन टन भरते, आणि छत हा भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी आधी छतावर हत्ती चढवले होते, असे ग्वाल्हेरात सर्वजण सांगतात. पुढे पुण्यास वानवडीला, जेथे १७९४ साली महादजी शिंद्यांचा अंत्यविधी झाला त्या जागी, ग्वाल्हेरच्याच माधवराव शिंद्यांनी १९१३ साली जो सभामंडप बांधला, त्याच्या खिडक्यांनाही रंगीत काचा आहेत.

मात्र रंगीत काच आणि चित्रित काच यांत भेद आहे, आणि जीर्णोद्धाराचा सारा प्रश्न या भेदावर उभा आहे. वाड्याच्या झडपेतली निळी काच फुटली तर त्याच छटेची दुसरी निळी काच बसवली की काम झाले. तेथे कोणाच्या हाताची रेघ गमावलेली नसते. चित्रित काचेवर मात्र चेहरे असतात, वस्त्रांच्या चुण्या असतात, पाने, अक्षरे, बोटांची नखेसुद्धा असतात. ती कोणा चित्रकाराने कुंचल्याने काढलेली असतात. तो तुकडा गेला की ती रेघ गेली. पुन्हा काढली तर ती दुसऱ्याची होते.

अशा चित्रित खिडक्यांसाठी ग्वाल्हेराहून मुंबईकडे वळले पाहिजे. जयविलास महाल उभा राहत होता त्याच दशकात मुंबईस विद्यापीठाच्या ग्रंथालयाची व राजाबाई मनोऱ्याची इमारत चढत होती. शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या मोठ्या देणगीतून आणि सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावरून १८६९ साली तिचा पाया घातला गेला, आणि १८७८ साली ती पुरी झाली. मनोऱ्यास प्रेमचंदांच्या मातोश्रींचे नाव मिळाले, हे सर्वश्रुतच आहे. स्कॉट स्वतः मुंबईस कधी आले नाहीत. कुलाब्याचे अफगाण चर्च त्याहूनही जुने. पहिल्या अफगाण युद्धात पडलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे अर्पण १८५८ साली झाले. त्याच्या पूर्व आणि पश्चिम बाजूंच्या मोठ्या खिडक्या विल्यम वेल्स या त्या काळच्या प्रख्यात इंग्रज काचकाराच्या आहेत. मुंबईतील अशा बहुतेक खिडक्या विलायतेत तयार होऊन पेट्यांतून आगबोटीने आल्या. थंड, मवाळ उन्हाच्या देशासाठी शिकलेल्या हातांनी त्या घडवल्या, आणि त्यांच्या नशिबी आला कोकणकिनाऱ्याचा पाऊस.

या खिडक्या बनतात कशा, हे पाहिल्यावाचून त्या बिघडतात कशा हे कळणार नाही. प्रथम पूर्ण आकाराचे चित्र कागदावर काढतात. त्यावरून कोणत्या रंगाचा तुकडा कोठे येणार हे ठरवून काच हिरकणीने कापतात. निळे वस्त्र निळ्या काचेचे, हिरवे पान हिरव्या काचेचे. अंगातच रंग असलेल्या काचा त्या त्या जागी येतात. तांबड्या काचेची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तांब्याने येणारा माणकासारखा लाल रंग इतका गडद असतो, की पूर्ण जाडीची काच लाल केली तर ती काळीच दिसावी. म्हणून साध्या काचेवर लाल काचेचा अगदी पातळ पापुद्रा चढवतात. जुन्या तांबड्या काचेचा तुकडा कडेने पाहिला तर हा पापुद्रा स्पष्ट दिसतो.

यानंतर चित्रकाराचे काम सुरू होते. त्याचा मुख्य रंग एकच, काळपट तपकिरी. लोखंडाचे वा तांब्याचे भस्म आणि लवकर वितळणाऱ्या काचेची पूड एकत्र खलून तो करतात. बाराव्या शतकात थिओफिलस नावाच्या एका जोग्याने कारागिरांसाठी जो लॅटिन ग्रंथ लिहिला त्यात ही कृती दिली आहे, आणि हा रंग मद्यात किंवा मूत्रात कालवावा असेही सांगितले आहे. ऐकणाऱ्यास नवल वाटेल, पण आठशे वर्षांत मूळ कृतीत फारसा फरक पडलेला नाही. या रंगाने रेघा ओढतात, छाया भरतात, आणि मग तुकडे भट्टीत घालून सुमारे सहाशे ते साडेसहाशे अंशांपर्यंत तापवतात. रंगातली काच वितळून खालच्या काचेशी एकजीव होते. चौदाव्या शतकाच्या आरंभी यात आणखी एका युक्तीची भर पडली. चांदीचा क्षार काचेच्या पाठीवर लावून ती भाजली, की चांदीचे सूक्ष्म कण काचेत शिरतात आणि काच लिंबासारख्या फिक्या पिवळ्यापासून गर्द केशरीपर्यंत रंगते. केसांचा सोनेरी रंग, मुकुट, प्रभावळ ही सारी चांदीची करामत. ज्या इंग्रजी नावाने या खिडक्या ओळखल्या जातात, त्या ‘स्टेन्ड ग्लास’मधला डाग खरोखर हाच एक; बाकीचा रंग डाग नव्हे.

भाजलेले तुकडे मग शिशाच्या पट्ट्यांत बसवतात. या पट्टीचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. दोन्ही बाजूंच्या खाचांत दोन तुकड्यांच्या कडा बसतात. सांध्यांवर कथील व शिशाचा डाग देऊन झाळतात. खाचांत जवसाचे तेल, खडूची पूड आणि काजळी यांचे लुकण दाबून भरतात, म्हणजे पाणी आत शिरत नाही. असा एकेक पट खिडकीच्या दगडी चौकटीत एकावर एक रचून, तांब्याच्या तारांनी आडव्या लोखंडी गजांना बांधून टाकतात. म्हणजे या खिडकीत चार पदार्थ एकत्र नांदतात: काच, भाजलेला रंग, शिसे आणि लोखंड. चौघांचे स्वभाव निरनिराळे आहेत.

काच फुटली म्हणजे खिडकी बिघडली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पण बहुतेक वेळा दुखणे शिशात व लोखंडात असते, आणि काच त्याची शिक्षा भोगते. उन्हाने काच जितकी प्रसरण पावते त्याच्या सुमारे तिप्पट शिसे पावते. दिवसा फुगावयाचे, रात्री आकसावयाचे, असे शंभर वर्षे चालले की नरम शिसे थकते. त्यास बारीक चिरा पडतात, पट पोटाशी फुगीर होतो, आणि सपाट राहण्यासाठीच जन्मलेली काच त्या फुगवट्याबरोबर वाकू शकत नाही म्हणून तडकते. लोखंडी गजाचे वेगळेच. तो दगडात रोवलेला असतो, समुद्राकडच्या खाऱ्या दमट हवेने गंजतो, आणि गंज मूळ लोखंडाहून कितीतरी अधिक जागा मागतो. तो फुगून दगड फोडतो व शेजारच्या काचेवर रेटतो. लुकण वाळून गळते, मग पाऊस आत झिरपतो. त्यात पारव्यांची विष्ठा आहेच. शिवाय अपघात आहेत. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा मैलोगणती अंतरावरच्या खिडक्यांच्या काचांचा चुरा झाला.

चौथे दुखणे रंगाचे, आणि ते सर्वांत कठीण. भट्टीत रंग नीट भाजला गेला असेल तर तो शतके टिकतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील कित्येक कारखान्यांनी रंग कमी आंचेवर वितळावा म्हणून त्यात टाकणखार मिसळावयास सुरुवात केली. काम सुलभ झाले, पण असा रंग ओलाव्याने हळूहळू विरघळतो. पंचवीस-तीस वर्षांतच कित्येक खिडक्यांतील चेहऱ्यांचे डोळे, ओठ पुसट होऊन नुसती गुलाबी काच उरली. मुंबईच्या खिडक्या नेमक्या याच काळातल्या. म्हणून तेथे कोणत्याही पटास हात लावण्यापूर्वी रंग काचेला धरून आहे की नुसता टेकून आहे, हे तपासावे लागते. साबणाच्या पाण्याने आणि खरबरीत फडक्याने खिडकी लख्ख पुसणारा एखादा उत्साही गडी एका सकाळी जे नुकसान करू शकतो, ते शंभर पावसाळ्यांनाही साधत नाही.

उत्साहाची आणखीही उदाहरणे आहेत. तडा गेला की वरून सिमेंट थापावे, निखळलेल्या जागी प्लायवुड ठोकावे, गेलेला निळा तुकडा साध्या काचेवर तैलरंग फासून भरून काढावा, असे प्रकार आपल्याकडे सर्रास होत आले. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पाऊस दारात उभा असतो, खर्चाची तरतूद नसते, आणि गावातला जो मिळेल तो सुतार किंवा रंगारी बोलावला जातो. त्यास दोष देण्यात अर्थ नाही. परंतु सिमेंट एकदा काचेला धरले की काच न फोडता ते निघत नाही, ही गोष्ट त्यास कोणी सांगत नाही.

तथापि अडाण्याच्या हातून होते ती सर्वांत मोठी हानी, असेही नव्हे. इंग्लंडात विंचेस्टर कॉलेजच्या प्रार्थनामंदिरात चौदाव्या शतकाच्या अखेरच्या खिडक्या होत्या. १८२० नंतरच्या दशकात त्या दुरुस्तीसाठी श्रूसबरी येथील बेटन आणि इव्हान्स या कारागिरांकडे पाठवल्या गेल्या. परत आल्या तेव्हा त्या सुंदर, स्वच्छ, झगझगीत होत्या, कारण त्या सर्वस्वी नव्या होत्या. कारागिरांनी जुन्या चित्रांबरहुकूम नवी काच रंगवून बसवली, आणि मूळ काच इकडेतिकडे पांगली. तिच्यातले काही तुकडे पुढे संग्रहालयांतून व संग्राहकांकडून सापडले, त्यांतले काही विंचेस्टरला परतही आले. बाकीचे गेले ते गेले. त्या काळी हे पाप समजले जात नव्हते. जुने झिजले, म्हणून त्याच घाटाचे नवे करून दिले. यात चुकले काय, असेच त्या कारागिरांना वाटले असावे.

आणि खरे पाहता आपल्या लोकांनाही तसेच वाटते. जीर्णोद्धार हा आपला शब्दच मुळी नव्याकडे झुकलेला आहे. देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे कळस नवा, सभामंडप नवा, रंग नवा. पूजा अखंड चालावी हा त्यातला हेतू. खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, तिचे विसर्जन करावे आणि दुसरी बसवावी, ही रूढी घराघरांतून आहे. ख्रिस्ती समाजातही जुन्या चर्चचे लाकडी वेदीकाम काढून तेथे गुळगुळीत फरशी बसवण्याची हौस काही कमी नाही. जिवंत वापराच्या वास्तूकडे पाहण्याची ही दृष्टी तुच्छ मानण्याजोगी नाही. उपासकाला वास्तू हवी असते ती उपासनेसाठी. जुन्या कारागिराची रेघ जपण्यासाठी नव्हे. प्रश्न एवढाच की चित्रित काचेच्या बाबतीत ही दृष्टी चालवली तर दोन पिढ्यांत विंचेस्टर होते. नाव जुने, घाट जुना, आणि त्यात जुन्या हाताचे काहीच नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर या बाबतीत जगाचे मत बरेचसे स्थिरावले. युद्धाच्या आरंभीच, १९३९ साली, फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथीड्रलच्या बाराव्या-तेराव्या शतकातल्या खिडक्या काढून, पेट्यांत भरून सुरक्षित जागी हलवल्या होत्या. शिशाची जोडणी म्हणजे सुटणारी गाठ आहे, म्हणूनच हे शक्य झाले. १९५२ साली जुन्या चित्रित काचेच्या अभ्यासासाठी ‘कॉर्पस व्हिट्रेआरुम’ ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली; जतनाचे तिने घालून दिलेले नियम आज सर्वत्र प्रमाण मानतात. १९६४ च्या व्हेनिस सनदेने तर सर्वच जुन्या वास्तूंसाठी दोन दंडक सांगितले. जेथे तर्काने अंदाज बांधावा लागतो तेथे दुरुस्ती थांबली पाहिजे. आणि जे नवे भरावे लागेल ते जुन्याशी सुसंगत असावे, पण नीट पाहणाऱ्यास वेगळे ओळखू यावे. पहिला दंडक मानमंदिराच्या भिंतीस सरळ लागू पडतो. खिडकीस भोक ठेवता येत नाही, तेव्हा तिची सारी भिस्त दुसऱ्यावर.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते आता पाहावे. प्रथम खिडकी जागच्या जागी आतून-बाहेरून, उन्हात आणि सावलीत छायाचित्रित करतात. मग एकेक पट उतरवून मेजावर घेतात. त्यावर पातळ कागद पसरून मेणाच्या खडूने घासले की शिशाच्या रेघांचा ठसा उठतो. तोच पुढे नकाशा होतो. प्रत्येक तुकड्यास क्रमांक, प्रत्येक तड्याची नोंद. शिसे सुदृढ असेल तर ते तसेच ठेवतात. शिशाची पट्टीसुद्धा जुन्या कारागिराच्या हातची असते, हे विसरून चालत नाही. अगदी थकले असेल तरच ते कापून, तुकडे मोकळे करून नवे घालतात.

स्वच्छता हे सर्वांत संथ काम. ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून पिळलेला कापसाचा इवलासा बोळा काडीवर गुंडाळून काचेवरून फिरवावयाचा, तोही आधी एका कोपऱ्यात परीक्षा घेऊन. बोळ्यावर काळपट रंग आला की थांबावयाचे. तो मळ नसून चित्र असण्याचा संभव असतो. सुटू पाहणारा रंग पॅरालॉइड नावाची राळ पातळ करून थेंबाथेंबाने त्याखाली सोडून धरून ठेवतात. ही राळ पुढे विरघळवून काढता येते, म्हणून ती पसंत करतात. मूळ तुकडा पुन्हा भट्टीत घालावयाचा नाही, हा नियम कडक आहे. दीडशे वर्षांच्या काचेला दुसऱ्यांदा आंच सोसेलच असे नाही, आणि एकदा तडकली की तो तुकडा कायमचा गेला.

मग पुसट झालेल्या चेहऱ्याचे काय? त्यास एक सुंदर तोड आहे. मूळ तुकड्याच्या मापाची अगदी पातळ बिनरंगी काच कापून, जुन्या छायाचित्रांच्या किंवा काचेवर उरलेल्या फिक्या खुणांच्या आधारे गेलेल्या रेघा त्या पातळ काचेवर काढतात, ती भाजतात आणि मूळ तुकड्याच्या पाठीशी बसवतात. खालून पाहणाऱ्यास चेहरा पुरा दिसतो. मूळ काचेवर मात्र नव्या कुंचल्याचा एक ठिपकाही पडलेला नसतो. पुढच्या पिढीस ते नापसंत झाले तर पाठीमागची काच काढून टाकावी.

तडकलेले तुकडे जोडण्यासाठी पूर्वी तड्यावरून शिशाची आणखी एक पट्टी घालीत. तिने काच धरून राहते, पण चेहऱ्यावर वाकडीतिकडी काळी रेघ उमटते. आता बारीक तडे इपॉक्सी जातीच्या चिकटद्रव्याने सांधतात. त्यातून प्रकाश जवळजवळ काचेइतकाच वाकतो, म्हणून तडा दिसेनासा होतो. येथे सोय आणि तत्त्व यांत थोडी ओढाताण आहे हे कबूल केले पाहिजे. कारण ऊन आणि दमटपणा यांनी अशी द्रव्ये कालांतराने पिवळी पडतात, आणि ती सोडवणे राळेइतके सोपे नसते.

तुकडा मुळातच नाहीसा झालेला असेल तर नवा करावा लागतो. त्यासाठी यंत्रावरची सपाट काच उपयोगी नाही. जुनी काच तोंडाने फुंकून केलेली असते. तिच्यात बुडबुडे असतात, जाडी कमीजास्त असते, आणि म्हणूनच उजेड तिच्यात थरथरतो. अशी काच आजही जर्मनी व फ्रान्समधल्या मोजक्या भट्ट्यांतून होते आणि तेथून मागवावी लागते. नव्या तुकड्यावर चित्र किती काढावे? शेजारच्या नक्षीवरून पान कसे होते हे निश्चित कळत असेल तर पान पुरे काढतात. पण गेलेला तुकडा म्हणजे कोणा संताचे किंवा विद्वानाचे मुख असेल, आणि ते कसे होते याचा एकही पुरावा नसेल, तर सचोटीचा कारागीर तेथे कल्पनेतला चेहरा काढीत नाही. सभोवारच्या छटेशी जुळणारी, हलकी छाया दिलेली काच तो बसवतो. लांबून जागा रिकामी वाटत नाही; जवळ गेले की चेहरा नाही हे दिसते. देणगीदारांस हे नेहमी आवडते असे नाही. एवढे पैसे देऊनही चेहरा नाहीच, ही त्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण त्या जागी आज एखादा गोड चेहरा काढला, तर पन्नास वर्षांनी तोच मूळचा म्हणून पुस्तकांतून छापला जाईल.

मुंबईस हे शास्त्र रुजले त्याला फार वर्षे झालेली नाहीत. ज्यांच्या हातांनी ते रुजले त्यांत स्वाती चांदगडकर यांचे नाव प्रामुख्याने घ्यावे लागते. राजाबाई मनोऱ्याच्या इमारतीच्या काचा त्यांनी हाताळल्या. २०१३ ते २०१५ या काळात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या देणगीतून आणि इंडियन हेरिटेज सोसायटीच्या पुढाकाराने या इमारतीचे जतनकार्य झाले, आणि २०१८ साली युनेस्कोने आशिया व पॅसिफिक विभागासाठीच्या आपल्या वारसा-पुरस्कारांत त्याचा गौरव केला. भायखळ्याचे ग्लोरिया चर्च आणि काळा घोड्याजवळचे यहुदी प्रार्थनामंदिर यांच्या जतनकार्यासही पुढच्याच वर्षी, २०१९ साली, त्याच मालिकेतले पुरस्कार मिळाले. एक विद्यापीठाचे ग्रंथालय, एक कॅथलिक चर्च, एक यहुदी मंदिर; काचेला धर्म विचारावा लागत नाही.

दुरुस्त झालेला पट परत बसवण्यापूर्वी एक निर्णय घ्यावा लागतो. युरोपात जुन्या काचेच्या बाहेर साधी काच लावून तिला पावसापासून आडोसा देतात. यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये तर असा आडोसा १८६१ पासून आहे. आपल्याकडे तो जसाच्या तसा उचलता येत नाही. दोन काचांमधली हवा मुंबईच्या उन्हात तापून कोंडते, ओल धरते, आणि शिसे अधिकच लवकर थकते. म्हणून वर-खाली फटी ठेवून हवा खेळती ठेवावी लागते, किंवा नुसत्या तारेच्या जाळीवर भागवावे लागते. जाळी पारव्यांना आणि चेंडूंना अडवते, पावसाला अडवीत नाही. कोणत्या खिडकीस काय मानवेल हे तिच्या दिशेवरून, वाऱ्यावरून आणि रंगाच्या प्रकृतीवरून ठरवतात.

एवढे झाल्यावर खाचांत नवे लुकण भरतात, लाकडाच्या बारीक भुश्याने घासून जादा तेल टिपून घेतात, आणि पट काही दिवस आडवा ठेवून वाळू देतात. गंजलेल्या लोखंडी गजांच्या जागी आता न गंजणारे पोलाद किंवा पितळ वापरतात. नव्या तुकड्याच्या कडेवर, शिशाच्या खाचेत झाकला जाईल अशा जागी, कारागीर हिरकणीने बारीक अक्षरांत साल कोरून ठेवतो. काढलेले निकामी तुकडे टाकून देत नाहीत. क्रमांक घालून ते पेटीत राहतात, आणि पेटीबरोबर मेणाच्या खडूने उठवलेला तो कागदही.